पाटी तीच राहते, रुग्णालय निघून जातं

तालुक्याच्या रुग्णालयातला प्रसूती विभाग किंवा शस्त्रक्रिया दुसऱ्या गावी हलवणार, अशी बातमी आली की आपल्याकडचा क्रम ठरलेला असतो. आधी निवेदन, मग गाव बंद, मग रास्ता रोको. लोकांचा राग खरा असतो आणि रास्तही असतो. पण आपण जागे होतो तोवर निम्मी सेवा बहुधा निघून गेलेली असते, आणि आपली मागणी मात्र ‘आमचं रुग्णालय हलवू नका’ एवढ्यावरच अडते. इमारत कुठेच जात नाही. म्हणून नेमकं काय हलतं, ते का हलवतात, त्या कारणांत किती तथ्य आहे आणि विरोध कशाला करायचा, हे आधी नीट समजून घेऊ.

आपली सरकारी आरोग्यव्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे. सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग ५० किंवा १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, आणि जिल्ह्याच्या गावी सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतं. ग्रामीण रुग्णालयापासून वरचा कारभार राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा, म्हणजे जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तिसऱ्याच खात्याकडे, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. हे माहीत नसलं तर निवेदन भलत्याच टेबलावर जातं आणि ‘हा विषय आमच्याकडचा नाही’ हे उत्तर येण्यात दोन महिने जातात.

सेवा हलते ती कशी

उघड आदेश काढून चालू विभाग बंद करणं तसं कमीच घडतं, कारण त्यावर लगेच ओरड होते. जास्त वेळा गोष्ट फिरते ती पदांच्या वाटेनं.

सिझेरियनचंच घ्या. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, बाळाकडे पाहायला बालरोगतज्ज्ञ लागतो, रक्ताची पिशवी हाताशी लागते आणि सरावाच्या परिचारिका लागतात. यातला एक जण नसला तर बाकीचे असूनही शस्त्रक्रियागृहाला कुलूप लागतं. आता अशा रुग्णालयातल्या एकुलत्या एका भूलतज्ज्ञाची प्रतिनियुक्ती शेजारच्या मोठ्या रुग्णालयात होते. आदेशात लिहिलेलं असतं, ‘तात्पुरत्या स्वरूपात, आठवड्यातून तीन दिवस’. वेतन मूळ आस्थापनेवरूनच निघत राहतं, त्यामुळे कागदावर ते पद भरलेलं दिसतं. आमदारांनी विचारलं तरी ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध आहे’ असंच उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नसतं.

इकडे रात्री कळा सुरू झालेली बाई येते. ड्यूटीवर बाँडवरचा, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करणारा, तरुण एमबीबीएस डॉक्टर असतो. अडलेली प्रसूती अंगावर घेण्यापेक्षा तो वेळेत चिठ्ठी लिहितो, ‘पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात संदर्भित’. त्याचं चुकत नाही. त्याच्या हातात तेवढंच असतं. अशा चार-पाच चिठ्ठ्या झाल्या की आशाताईच घरच्यांना सांगू लागतात, ‘इथे थांबू नका, थेट वरती जा.’ प्रसूतींचा आकडा उतरतो. वर्षा-दोन वर्षांनी आढावा बैठक होते आणि अहवालात वाक्य येतं, ‘रुग्णसंख्या अत्यल्प असल्याने सदर पदे अन्यत्र वर्ग करण्यात यावीत.’ सेवा काढून घेतल्यामुळे रुग्ण घटले, आणि रुग्ण घटले म्हणून सेवा काढली. हे चक्र आकड्यांत पकडता आलं नाही, तर सगळा विरोध भावनेचा ठरतो.

दुसरी वाट नव्या इमारतीची. कोणत्या गावी कोणतं रुग्णालय असावं हे आरोग्य विभागाच्या बृहत आराखड्यात ठरतं. जागेला मंजुरी मिळते, बांधकाम होतं, रंगरंगोटी होते. पण पदनिर्मिती हा वेगळा विषय आहे. तिला वित्त विभागाची मान्यता लागते आणि तिथे फाईल वर्षानुवर्षं पडून राहू शकते. मग नवं रुग्णालय चालवायचं कसं? जुन्या रुग्णालयातली माणसं तिकडे वळवून. नव्या रुग्णालयाच्या उद्घाटनाची बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: पदं नवी निर्माण झाली आहेत, की कुठून तरी आणलेली आहेत?

तिसरी वाट गेल्या काही वर्षांत अनेक जिल्ह्यांनी पाहिली. नवं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होतं, त्याला स्वतःचं रुग्णालय नसतं, म्हणून जिल्ह्याचं सिव्हिल त्याच्याशी जोडलं जातं. १०० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ४०० हून जास्त खाटा दाखवाव्या लागतात. महाविद्यालयामुळे डॉक्टर वाढतात आणि तो फायदा मोठा आहे, हे मान्य करायलाच हवं. पण महाविद्यालयाची स्वतःची इमारत शहराबाहेर उभी राहिली की गावात मध्यभागी असलेल्या जुन्या सिव्हिलमध्ये काय उरणार, याचं लेखी उत्तर सुरुवातीलाच घेतलेलं नसतं.

किलोमीटर मोजू नका, तास मोजा

‘फक्त चाळीस किलोमीटरचा तर प्रश्न आहे,’ असं बैठकीत सांगितलं जातं. प्रसूतीनंतर होणारा मोठा रक्तस्राव थांबवला नाही, तर बाई साधारण दोन तासांत दगावू शकते. या दोन तासांत ते चाळीस किलोमीटर बसवून पाहा.

समजा पहाटे २ वाजता घरी रक्तस्राव सुरू झाला. घरच्यांना गांभीर्य कळून १०८ ला फोन लागेपर्यंत १५ मिनिटं. जवळची रुग्णवाहिका आधीच दुसरा रुग्ण घेऊन जिल्ह्याला गेलेली असेल, तर दुसरी येईपर्यंत ४० मिनिटं. वाडीतून रस्त्यापर्यंत आणून गाडीत घ्यायला १०. घाटरस्त्यानं चाळीस किलोमीटर, रात्री, पावसात, सव्वा तास. कॅज्युअल्टीत केसपेपर, तपासणी, रक्तगट जुळवणं, शस्त्रक्रियागृह सुरू करणं यात निदान अर्धा तास. बेरीज होते २ तास ५० मिनिटं, आणि हे सगळं सुरळीत पार पडलं तर. हीच सेवा तालुक्याला दहा किलोमीटरवर असती, तर दोन तासांच्या आत उपचार सुरू होण्याची आशा होती.

सपाट भागातल्या अधिकाऱ्याला हा हिशोब अतिरंजित वाटू शकतो. त्यांनी गडचिरोलीतल्या भामरागडचा पावसाळा आठवावा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा आल्लापल्लीकडचा रस्ताच बंद होतो. तिथे अंतर किती हा प्रश्नच उरत नाही. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये मेळघाटचं जंगल आणि घाट. आदिवासी भागात दिवस भरत आलेल्या बाईला आरोग्य केंद्राजवळच आणून ठेवण्यासाठी ‘माहेरघर’ योजना करावी लागली. कितीही रुग्णवाहिका दिल्या तरी शेवटचा टप्पा भरवशाचा नाही, हे ती योजना सुरू करताना सरकारनंच मान्य केलं.

जवळच्या उपचाराचं मोल दाखवणारं एक उदाहरण महाडचं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांसमोर दगावताना पाहिले. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांवर वापरून त्याचा अभ्यास केला. विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांत ४० टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या उपचाराला मोठं रुग्णालय लागलं नाही. लागला तो रुग्ण जिथे होता तिथे हजर असलेला डॉक्टर आणि वेळेत पोटात गेलेली गोळी.

आणि रुग्ण एकटा कधीच जात नाही. बाई जिल्ह्याला भरती झाली की सासू किंवा आई सोबत, नवरा कामाची रोजी बुडवून बाहेर पायरीवर, घरी राहिलेली पोरं शेजारणीकडे. तालुक्याला असती तर घरून डबा आला असता. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातली प्रसूती, औषधं, आहार आणि घरापासून रुग्णालयापर्यंत नेणं-आणणं मोफत आहे. त्या कार्यक्रमात सोबतच्या नातेवाइकाची रोजी मात्र धरलेली नाही. सेवा हलवताना सरकारचा जो खर्च वाचतो, त्यातला मोठा भाग अशा घरांच्या खिशातून भरून निघतो. प्रस्तावाच्या कोणत्याही रकान्यात तो दिसत नाही.

प्रशासनाचं म्हणणं कुठे खरं आहे

आंदोलनात हा भाग बोलायला कुणाला आवडत नाही, पण तो टाळून चालणार नाही. आठवड्याचे १६८ तास. एक माणूस ४८ तास काम करतो असं धरलं, तरी एकच सेवा दिवसरात्र चालवायला साडेतीन माणसं लागतात. रजा धरून चार. म्हणजे चोवीस तास सिझेरियन हवं असेल तर चार स्त्रीरोगतज्ज्ञ, चार भूलतज्ज्ञ. एवढी माणसं प्रत्येक तालुक्याला आज सरकारकडे नाहीत. शिवाय महिन्यात चार-दोनच शस्त्रक्रिया होत असतील, तर हाताचा सराव राहत नाही. तेव्हा तज्ज्ञ एका ठिकाणी आणण्यामागे खरं कारण आहे.

काही आजारांत त्यानं जीवही वाचतात. लंडन शहरात २०१० मध्ये पक्षाघाताचे तातडीचे उपचार सुमारे ३० रुग्णालयांतून काढून ८ केंद्रांत एकत्र केले आणि मृत्यू घटले. मात्र तिथली अट लक्षात ठेवा: कुठूनही रुग्णवाहिकेनं ३० मिनिटांत केंद्र गाठता आलं पाहिजे. एकत्रीकरणाचं हे उदाहरण देणारे बरेचदा त्या ३० मिनिटांचा उल्लेख करत नाहीत.

माझ्या मते कसोट्या दोन लावाव्यात. पहिली, उशिरानं जीव जातो का? प्रसूती, सर्पदंश, विंचूदंश, विषबाधा, अपघातातला रक्तस्राव, नवजात बाळाचा श्वास, हृदयविकाराचा पहिला तास. हे जवळच हवं. दुसरी कसोटी कमी बोलली जाते: रुग्णाला किती वेळा यावं लागतं? डायलिसिस ही सहसा मध्यरात्रीची धावपळ नसते, पण ते आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास करावं लागतं. साठ किलोमीटर जाऊन-येऊन ते करायचं म्हटलं तर माणसाचं उरलेलं आयुष्य एसटीतच जातं, आणि हळूहळू लोक एखादी पाळी चुकवू लागतात. तेव्हा डायलिसिसही जवळच. उलट हृदयाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण यासाठी आयुष्यात एकदा मुंबई-पुण्याला जावं लागलं तर तक्रार करू नये. ती सेवा तालुक्याला मागणं म्हणजे आपलीच मागणी पातळ करणं.

आणि माणसांची टंचाई आहे म्हणून दार बंद करणं हा एकच उपाय नाही. खासगी भूलतज्ज्ञाला दर केसमागे मानधन देऊन बोलावण्याची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचं आणि सिझेरियन करण्याचं काही महिन्यांचं खास प्रशिक्षण देण्याची योजना आहे. पूर्ण रक्तपेढी शक्य नसेल तिथे रक्तसाठवण केंद्र चालवता येतं. यातलं काय करून पाहिलं आणि ते का जमलं नाही, हे विचारल्याशिवाय ‘डॉक्टर मिळत नाहीत’ हे उत्तर स्वीकारू नये.

दुसऱ्याच्या दारात रांग

सिंधुदुर्गातल्या माणसाला हा विषय वेगळा समजावून सांगायला नको. दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा या भागातला गंभीर रुग्ण वर्षानुवर्षं बांबोळीला, गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातो. तिथल्या डॉक्टरांनी असंख्य जीव वाचवलेत. पण २०१८ च्या सुरुवातीपासून गोवा सरकारनं राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं आणि दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले. गोव्यानं आपल्या करदात्यांचा विचार केला, त्यात आश्चर्य नाही. मुद्दा हा की सेवा दुसऱ्याच्या हद्दीत गेली की तिचे नियम ठरवताना तुम्हाला विचारलं जात नाही. एका जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांतही तेच होतं. रुग्ण कल्याण समितीत, म्हणजे रुग्णालयाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीत, तुमच्या गावचं कुणी नसतं, खाट भरली की बाहेरगावचा रुग्ण आधी पुढे पाठवला जातो.

लोक लढले तर काय मिळतं, हे पाहायला इंग्लंडमधली दोन गावं उपयोगी आहेत. किडरमिन्स्टर या गावातला अपघात व तातडीचा विभाग २००० मध्ये बंद झाला आणि सेवा सुमारे २५ किलोमीटरवरच्या वूस्टरला गेली. त्याच रुग्णालयातून निवृत्त झालेले डॉक्टर रिचर्ड टेलर २००१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत याच एका प्रश्नावर अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी सत्ताधारी पक्षाच्या कनिष्ठ मंत्र्याला १७,६३० मतांनी हरवलं. २००५ मध्ये ते पुन्हा निवडून आले. तरीही बंद झालेला विभाग पूर्वीसारखा परत आला नाही. एवढा मोठा विजय, पण तो सेवा गेल्यानंतरचा होता.

लंडनच्या लुइशममधले लोक आधी उठले. शेजारच्या कर्जबाजारी रुग्णालय संस्थेची घडी बसवण्यासाठी लुइशमच्या चांगल्या चाललेल्या रुग्णालयाचे तातडीचे आणि प्रसूतीचे विभाग छाटायचं ठरलं होतं. जानेवारी २०१३ मध्ये हजारोंचा मोर्चा निघाला आणि त्याच वेळी लोक न्यायालयात गेले. न्यायालयानं योजना शहाणपणाची आहे का, या वादात न शिरता एवढंच पाहिलं की मंत्र्यांना हा निर्णय घेण्याचा अधिकार होता का. नव्हता. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं आणि ऑक्टोबरमध्ये अपिलाच्या न्यायालयानं निर्णय रद्द ठरवला. २०१४ मध्ये सरकारनं कायदाच बदलला ही गोष्ट वेगळी. पण लुइशमचे ते विभाग वाचले.

आपल्या हातात काय आहे

रुग्णालय अमुकच गावी ठेवा, असा आदेश आपली न्यायालयंही सहसा देत नाहीत. तो धोरणाचा भाग मानला जातो. पण उपचाराचा हक्क त्यांनी ठामपणे सांगितला आहे. १९९२ मध्ये बंगालमधल्या मथुरापूर स्थानकात हकीम शेख हा मजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, २५,००० रुपये भरपाई दिली आणि स्पष्ट सांगितलं की पैसे नाहीत म्हणून राज्याला ही जबाबदारी झटकता येणार नाही. खालच्या स्तरावरची रुग्णालयं तातडीच्या उपचारासाठी सज्ज करा, असंही त्या निकालात आहे. निवेदनात हा निकाल लिहा.

माहिती अधिकाराचा अर्ज निवेदनाच्या आधी जायला हवा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून तीन वेगळे अर्ज करा. एकात मंजूर, भरलेली आणि प्रत्यक्ष हजर पदं, आणि सगळे प्रतिनियुक्ती आदेश. दुसऱ्यात तीन वर्षांतल्या महिनावार प्रसूती, सिझेरियन, आंतररुग्ण आणि पुढे पाठवलेले रुग्ण. तिसऱ्यात स्थलांतराचा प्रस्ताव, त्यावरचे शेरे आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकींची इतिवृत्तं. ‘प्रत्यक्ष हजर’ हे दोन शब्द विसरू नका. प्रतिनियुक्तीची तारीख आणि प्रसूतींचा आकडा घसरल्याचा महिना एकाखाली एक मांडला की आधी काय घडलं आणि मग काय, ते कुणालाही दिसतं.

याच कायद्याचं कलम ४ कमी वापरलं जातं. लोकांवर परिणाम करणारा महत्त्वाचा निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी तथ्यं प्रसिद्ध करणं आणि बाधित व्यक्तींना कारणं सांगणं हे ४(१) च्या ग आणि घ खंडांनुसार प्रशासनाचं कर्तव्य आहे. अर्ज न करताही. ग्रामसभांचे ठरावही जमवा. रुग्णालयं आणि आरोग्य केंद्रं हा विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या यादीत आहे. ठराव बंधनकारक नसला तरी चाळीस गावांचे ठराव असलेली फाईल मंत्रालयात हलकी राहत नाही. जिथे लोकाधारित देखरेखीची, म्हणजे गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेवर लक्ष ठेवण्याची, प्रक्रिया चालली आहे, तिथे जनसुनवाईत रुग्णांनी स्वतः बोललेलं अधिकाऱ्यांना समोर बसून ऐकावं लागलं आहे.

मागणी मात्र मोजता येईल अशी हवी. ‘रुग्णालय वाचवा’ यावर आश्वासन देणं सोपं असतं. त्याऐवजी मागा: नव्या ठिकाणी स्वतंत्र पदनिर्मिती होऊन माणसं रुजू होईपर्यंत इथलं एकही पद हलणार नाही. भूलतज्ज्ञाची प्रतिनियुक्ती अमुक तारखेला रद्द होईल. चोवीस तास सिझेरियन आणि रक्तसाठवण केंद्र इथेच राहील. विशेष सोयींची एक १०८ गाडी तालुक्याच्या ठिकाणीच उभी असेल आणि ती बाहेर गेली की बदली गाडी कुठून येईल हे ठरलेलं असेल. पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचं कारण आणि तो तिथे पोचल्याची वेळ दर महिन्याला रुग्णालयाच्या फलकावर लागेल.

जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे बैठक झाली की अधिकारी म्हणतात, ‘तुमच्या भावना शासनाला कळवतो.’ त्यावर उठू नका. प्रत्येक मागणीसमोर होय किंवा नाही, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम इतिवृत्तात लिहून घ्या. सही-शिक्क्याची प्रत हातात पडेपर्यंत साखळी उपोषण सोडू नका.